बोटीतलं माझं वजन

आज सकाळी सिडकोतल्या आमच्या गल्लीत हातगाडीवर हरभऱ्याचे डहाळे आले. मी खाली जाऊन एक जुडी घेतली आणि जिना चढेपर्यंत धीर धरवेना, म्हणून तिथंच पायरीवर फतकल मारून घाटे सोलायला लागले. हाताला ती ओली, आंबट-खारट आंब लागली. तळहात जिभेला लावून पाहिला. चव हरभऱ्याचीच होती, पण नाकात भरला तो पेट्रोलचा वास. शेजारची सूनबाई जिन्यातून जाता जाता म्हणाली, "आजी, एकट्याच काय हसताय?" तिला काय सांगू? हरभरा खाल्ला की मला जेट बोट आठवते, असं या वयाच्या बाईनं सांगितलं तर घरचे सरळ डॉक्टरकडं नेतील.

तो हिवाळा दोन वर्षांपूर्वीचा. पाऊस मनासारखा झाला होता. करमाडच्या पुढं आमच्या शेताला लागून तलाव आहे, तो सांडव्यावरून वाहिला होता. आमच्याकडं भरलेला तलाव म्हणजे पाहुणा. येतो तोच परतीचं ठरवून. गहू-हरभऱ्यासाठी पाटाला तीनदा पाणी सुटतं. तिसऱ्यांदा सुटलं की खाली उरतो गाळ आणि त्यात उभे बगळे. ते तिसरं पाणी सुटायच्या आत माझ्या नातीला, ईश्वरीला, स्वतःच्या हातानं बांधलेली बोट ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगानं पळवून दाखवायची होती.

दाखवायची होती गोव्याच्या एका बोटी बांधणाऱ्या कारखान्याला. ईशू नुकतीच इंजिनिअर झालेली. त्यांनी तिला कळवलं होतं, की डिग्री राहू द्या, तुमची बोट ऐंशीनं पळतानाचा व्हिडिओ पाठवा, मग बोलू. इकडं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या विलासनं, शेंद्र्याच्या एका कंपनीत तिच्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती. "हरभरा निघेपर्यंत काय खेळायचं ते खेळ," तो तिला म्हणाला, "त्यानंतर खुर्ची." बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. टँकरची वाट बघत जो लहानाचा मोठा झाला, त्या बापाला पोरगी पाण्यावर पोट भरीन म्हणते हे कसं पटावं?

पोरीच्या जेवणाचे हाल नकोत, असं सांगून मी शेतावर राहायला गेले. खरं कारण हे, की घरात मालिका बघून मला कंटाळा आला होता.

आमच्या कांदाचाळीत ती बोट होती. कांदा विकून झालेला, चाळ रिकामी, चहूबाजूंनी फटी, त्यातून गार वारा आणि उन्हाच्या पट्ट्या. जुन्या कांद्याच्या सालांचा वास, त्यावर फायबरच्या रसायनाचा उग्र वास, त्यावर पेट्रोल. मधोमध पालथी घातलेली पांढरी बोट, दोन माणसांची, एखाद्या मोठ्या शिंपल्यासारखी. हिला पंखा नाही, बाहेर लोंबणारं काही नाही. तळाला एक तोंड आहे. त्यातून पंप पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोरानं फेकतो, त्या फेकण्यानं बोट पुढं पळते. ईशूनं हे माझ्या धाकट्या दिराला, बबनभाऊजींना समजावून सांगितलं. शेत तेच बघतात. त्यांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं.

"म्हंजी वैनी, ही इहिरीवरची मोटारच की! फकस्त हिला गावभर हिंडायची हौस हाय."

याहून चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

बोट पळायची, पण साठ-बासष्टच्या पुढं जायची नाही. तिथं पोचली की मान हलवायला लागायची. नाक वर, नाक खाली, नाक वर, नाक खाली, जशी एखादी म्हातारी कीर्तनात पेंगते. नाक फार वर गेलं की तळाचं तोंड पाण्याबाहेर यायचं, पंप हवा ओढायचा, इंजिन किंचाळायचं आणि बोट जागच्या जागी बसायची. "मोटारीनं हवा धरली," भाऊजी काठावरून ओरडायचे. म्हशी पाण्यात उतरू न देणं हे त्यांचं काम, पण सल्ला देणं हा त्यांचा छंद. "आदी पाणी भर तिच्यात, वरून वत!"

साठी मी केव्हाच ओलांडली होती. बोटीला ती ओलांडता येत नव्हती. मला तिच्याबद्दल जरा वरचढ वाटायचं.

वेगाशी माझं नातं तसं जुनं आणि हास्यास्पद आहे. मी गुलमंडीची मुलगी. वडिलांचं कापडाचं दुकान, वर घर. शाळेत निबंध लिहिला होता, मी वैमानिक होणार म्हणून. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. प्रत्यक्षात त्या वैमानिकेला सायकल येत नव्हती, कारण शिकताना पडले आणि सराफ्यातल्या कुणी पाहिलं तर काय, ही मोठी काळजी. लग्न झालं आणि आमच्या ह्यांनी स्कूटर घेतली. पैठण रस्त्यानं फिरायला निघालो की मी एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर डबा, डोळ्यांवर गॉगल, नायलॉनच्या साडीचा पदर वाऱ्यावर. वजन पन्नास किलो, नखरा क्विंटलभर. "जोरात चालवा ना," असं कानात म्हणायचं, आणि जोरात चालवली की खांद्यात नखं रुतवून "देवा रे!" करून ओरडायचं. माझ्या त्या एका बाजूच्या बसण्यानं स्कूटर डावीकडं ओढायची. हे शांत माणूस. पुढच्या वेळी त्यांनी पुढच्या डिकीत उजव्या कडेला एक दगड ठेवला. स्कूटर सरळ चालायला लागली. मला वाटायचं, मी किती छान, तोल सांभाळून बसते. तो दगड मला पुढं कितीतरी वर्षांनी, डिकीत कोथिंबिरीची जुडी ठेवताना सापडला. विचारलं तर हे म्हणाले, "काढू नकोस. तुझ्या मापाचा आहे." ही बाई आरशासमोर उभी राहून स्वतःला हुशार समजायची, हे आठवलं की आजही मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

असो. बोट.

सुरुवातीच्या दिवसांत बोट पाण्यात घालताना आम्ही तिची पूजा केली होती. नवं वाहन आणलं की आपण काय करतो? हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबं ठेवतो आणि त्यांच्यावरून गाडी नेतो. ट्रॅक्टरला केलं, मोटारसायकलला केलं, मग बोटीनं काय पाप केलं? पण बोटीला चाक कुठलं! भाऊजी विचारात पडले. मग त्यांना सुचलं. त्यांनी पाण्यात मांडीभर आत जाऊन बोटीच्या नाकापुढं दोन्ही लिंबं तरंगत सोडली. मी काठावरून म्हणाले, "शाब्बास भाऊजी." झेंडूचा हार नाकावर होताच. ईशूनं वेग वाढावा म्हणून तळाच्या तोंडावरची जाळी त्या दिवशी काढून ठेवलेली. ती "आजोबा, नको, नको" म्हणेपर्यंत तिच्याच हातानं चावी फिरली होती.

पंपानं लिंबं गिळली. मागच्या तोटीतून फवारा आला तो पिवळा, आणि तलावाच्या काठावर क्षणभर लिंबाच्या सरबताचा वास सुटला. हार घसरून खाली गेला तो पंपाच्या पात्यांना दोऱ्यासकट गुंडाळून बसला. इंजिन बंद. ईशू गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून बोटीखाली हात घालून झेंडू उपटत होती आणि थंडीनं तिचे दात वाजत होते.

"दृष्ट मात्र निघाली," भाऊजी म्हणाले.

"आजोबा," ती कुडकुडत म्हणाली, "आता माझी काढा."

पंप उघडायचा, साफ करायचा, पुन्हा बसवायचा. तोवर पाटाला पहिलं पाणी सुटलं आणि काठ पाच पावलं आत सरकला. मी रोज सकाळी चहा घेऊन काठाशी जायची. ओल्या मातीवर आदल्या दिवशीच्या पाण्याची रेघ दिसायची आणि तिच्या खाली नवी. पलीकडच्या शिवारात कुणी हुरडा भाजत असायचं, गोवऱ्यांचा धूर पाण्यावर रेंगाळायचा. इतकं सुंदर दिसायचं ते सगळं, की आपण काहीतरी हरतोय हे विसरायला व्हायचं.

मग ईशूनं बोट पालथी घालून तळाला हात घातला. तिचं म्हणणं, मागचा हातभर तळ आरशासारखा सपाट हवा. वेगात बोट तेवढ्याच भागावर पाण्याला टेकते. तिथं खळगा असेल तर नाक खाली दबतं, फुगवटा असेल तर शेपूट खाली बसतं आणि नाक उचलतं. मी पुढं झाले. म्हटलं, सरक, पन्नास वर्षं पोळ्या लाटल्यात, या हाताला कळतं. डोळे मिटून तळावरून हात फिरवला, अगदी वैद्यानं नाडी बघावी तसा. आणि जाहीर केलं, "एकदम सपाट. पोळपाट आहे नुसता."

ईशूनं लोखंडी पट्टी तळावर आडवी धरली आणि मागून टॉर्च लावला. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून प्रकाश आला. मधोमध फुगवटा. माझा पोळपाट चांगलाच गरोदर होता.

"आजी, तुझ्या पोळ्या मऊ असतात," ती म्हणाली, "पण गोल कधी होत्या?"

कार्टी! पण खरं होतं ते. मग आम्ही दोघी तो फुगवटा घासत बसलो, पाणी लावून, पॉलिश पेपरनं, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. घासायचं, पट्टी लावायची, टॉर्च मारायचा. पांढरं दुधासारखं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. तिनं मला एक गोष्ट मात्र बजावली होती: तळ जिथं संपतो ती मागची कड धारदार राहिली पाहिजे, तिला गोलाई आली तर पाणी कडेला चिकटून वर चढतं, बोटीला मागं ओढतं. मी ती कड कधी मोडली नाही. आयुष्यभर सगळ्या गोष्टींच्या कडा घासून गुळगुळीत करत आलेली बाई मी, जावांमधल्या भांडणांपासून विलासच्या मार्कांपर्यंत. एक कड धारदार ठेवायची, या कामात मला फार मजा आली.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन हळदीचा डबाच घेऊन गेली. गोडेतेलात हळद कालवून तिनं तळाला ठिपके दिले, बोट पाण्यात एक चक्कर मारून आणली आणि लगेच बाहेर ओढून पालथी घातली. जिथं पाणी घासून गेलं होतं तिथं ठिपक्यांच्या लांब पिवळ्या शेपट्या झाल्या होत्या. जिथं पाणी लागलंच नव्हतं तिथं ठिपके तसेच. तळाला पाणी कुठून कसं जातं ते एखाद्या चित्रासारखं समोर. मी हळद गेली म्हणून बोंबलले, मग बघतच राहिले. वाटेवरून जाणारी एक बाई थांबली. "काय ओ काकू, नातीला हळद लावायच्या वयात तुमी होडीला लावली व्हय?" मी म्हटलं, "हिचं आधी जमलंय, काय करणार!" बाई पदर तोंडाला लावून गेली. ईशू पालथ्या बोटीवर डोकं टेकून हसत होती. नाकाला हळद, केसांत फायबरचा भुगा. मी तिला तशी बघत राहिले. आपल्या माणसाला त्याच्या आवडीच्या कामात बुडालेलं जवळून बघायला मिळणं ही केवढी चैन आहे! मला ती रोज मिळत होती, भाकरीच्या बदल्यात.

फुगवटा गेला आणि बोट सत्तरीला पोचली. तिथं पुन्हा मान हलवायला लागली, जरा कमी, पण हलवायला लागलीच. पाटाला दुसरं पाणी सुटलं होतं. ईशू दोन दिवस नीट जेवली नाही. मग एका दुपारी तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. भाजीवाल्यानं पोतं न्याहाळावं तसं.

"आजी, तुझं वजन किती?"

"बाईमाणसाला वजन विचारतात का गं?"

"मला पुढं वजन पाहिजे. किती आणि कुठं, ते कळत नाय. दगड ठेवले तर घसरतात. तू घसरणार नाहीस."

"मी दगडापेक्षा बरी, असं म्हणतेस?"

"थोडीशी."

ह्यांचा जुना स्वेटर, त्यावर नारंगी लाईफ जॅकेट, खाली सहावारी घट्ट खोचलेली, बसायला गोधडी. भाऊजींनी मला हात धरून बोटीत चढवलं आणि पाण्यात उभं राहूनच नमस्कार केला. मला नाही, पाण्याला. "सांभाळ रं बाबा," म्हणाले.

मी कधी किंचाळले नाही तेवढी किंचाळले. आणि मग, वळणापाशी कुठंतरी, माझ्या लक्षात आलं की मी किंचाळत नसून हसते आहे. पाणी इतकं जवळ होतं की हात बाहेर काढला असता तर घासून भाजला असता. तलाव, बांध, बाभळी, भाऊजी, म्हशी, सगळं एका ओल्या रेघेत पुसून गेलं. गुलमंडीच्या त्या वैमानिकेची मला कीव आली. बयेनं खांद्यात नखं रुतवण्यापायी काय काय घालवलं!

रोज आम्ही फेऱ्या मारायचो, मधल्या वेळात पेट्रोलच्या हातांनीच हरभऱ्याचे घाटे सोलून खायचो. "आजी, वीतभर पुढं. जास्त झालं, नाक दबलं. चार बोटं मागं." मी गोधडीसकट सरकायची. आणि एका सकाळी, सत्तरीवर, बोटीनं मान हलवणं थांबवलं. असं एकाएकी शांत झालं की मला वाटलं काही बिघडलं. तळ पाण्यावर नुसता सळसळत होता. ईशूनं बोट काठाला आणली, खडू काढला आणि मी बसले होते तिथं माझ्याभोवती रेघ ओढली. ऐसपैस रेघ.

"इथंच," ती म्हणाली. "आता तू ऊठ."

त्या रेघेत बॅटरी आली, पेट्रोलची टाकी आली. माझ्याइतकं वजन लागत नव्हतं, होतं तेच मागून पुढं आणायचं होतं. आणि मी बोटीत असेपर्यंत ऐंशी होणार नव्हती, हे तिला सांगायची गरजच पडली नाही. मी काठावर गोधडीची घडी करत बसले. बॅटरीकडं जरा रागानं पाहिलं. सवतीकडं बघतात तसं.

उरलं होतं मागच्या पट्टीचं काम. तळाच्या शेवटी एक धातूची पट्टी असते. तिच्या खाली पातळ वायसर, म्हणजे लोखंडी चकती, घालून तिचा कल केसभर बदलायचा. नाक जितकं उचलेल तितका तळ पाण्याबाहेर आणि बोट मोकळी. पण फार उचललं की पुन्हा पंप हवा ओढणार. एक वायसर घालायचा, पळवायची. एक काढायचा, पळवायची. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. हवा. पंचाहत्तर. पाटकरी येऊन भाऊजींना सांगून गेला, की सोमवारी तिसरं पाणी सुटणार.

रविवारी विलास आला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची चावी, चेहऱ्यावर शेंद्र्याची खुर्ची. ईशूनं त्याच्या हातात मोबाईल दिला. "पप्पा, तुम्ही फक्त धरा. वेगाचा आकडा बोटीत दिसेल, तो माझा मी घेते. तुम्ही काठावरून बोटीचा व्हिडिओ घ्या." त्यानं चावी खिशात टाकली. धरला मोबाईल. भाऊजी म्हशींच्या बाजूला काठी आडवी धरून उभे राहिले, जसा काही मंत्र्याचा ताफा येणार होता.

बोट लांबच्या काठापासून निघाली. आधी आवाज आला, मग ती दिसली. नाक उचललं न उचललंसं, मागं पांढरा तुरा सरळ, हलत नाही, डुलत नाही. ती एकटीच होती आत, माझी पोर, केस मागं उडालेले, आणि पाणी तिला जागा करून देत होतं. आमच्यासमोरून गेली तेव्हा वाऱ्याचा गार सपकारा तोंडावर बसला. आणि माझ्या शेजारून कुणीतरी घसा फाडून ओरडलं,

"पळव गं! पळव, ईशे, पळव!"

विलास. इस्त्रीच्या शर्टातला विलास, घोट्यापर्यंत गाळात, बुटांसकट. मोबाईल मात्र दोन्ही हातांत घट्ट. तो व्हिडिओ गोव्याला तसाच गेला, बापाच्या बोंबेसकट. आकडा होता ब्याऐंशी. पुढं तिथल्या साहेबांनी तिला फोनवर पहिलं विचारलं म्हणे, "वो चिल्ला कौन रहा है?" आणि दुसरं विचारलं, कधी येतेस.

पण ते पुढचं. त्या रविवारी ईशू काठाला आली, बापाकडं पाहिलं. विलासनं बूट काढून उलटे केले, त्यातून गढूळ पाणी सांडलं, आणि तो मान खाली घालूनच म्हणाला, "शेंद्र्याला मी कळवतो." बस, एवढंच. मग ती माझ्याकडं वळली.

"आजी, बस. आता हळूच जाऊ. आता काही आकडा नाही गाठायचा."

आम्ही दोघी निघालो. मी बॅटरीला टेकून, पाय लांब सोडून. सावकाश, पाणकोंबड्यांनाही घाई होणार नाही अशा चालीनं. त्या हिवाळ्यानं मला काय काय दिलं ते मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि सोडून दिलं. मोजत बसले असते तर बघायचं राहिलं असतं. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं. ईशू म्हणाली, "गोव्याला येशील ना?" मी म्हटलं, "वजन लागलं तर बोलव." ती हसली नाही. समोर बघत राहिली, आणि तिचं नाक लाल झालं. लहानपणी रडू दाबताना व्हायचं तसं.

परतताना काठाच्या अलीकडं पाणी आमच्या अंदाजापेक्षा उथळ होतं. खरखर झाली, पंपानं गाळ ओढला, इंजिन आचका देऊन बंद पडलं. बोट टेकली. काठावरून भाऊजी हातवारे करत काहीतरी सांगत होते, बहुधा सल्ला.

ईशूनं वाकून खाली पाहिलं, मग माझ्याकडं.

"आजी... तू उतरलीस तर निघेल."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

साडी गुडघ्यावर खोचली आणि उतरले. गाळ थंडगार, मऊ, पिंडरीपर्यंत. माझं वजन गेलं तशी बोट सुटली, हलकेच तरंगायला लागली. ईशूला वर बसून वल्ह्यानं सहज काठाला नेता आली असती. पण माझ्या मागून धपकन आवाज झाला. ईशू गाळात उतरली होती. तिनं बोटीची एक कड धरली, मी दुसरी, आणि आम्ही ती ढकलत, पाय उपटत, एकमेकींना हसत, काठाकडं निघालो.